करवती काठाची कोसा साडी: वर्षभर नेसल्यानंतर

कोसा म्हणजे टसर, रानातल्या एका पतंगाच्या कोषापासून निघणारं रेशीम. कोशाची साडी घेणाऱ्याने आधी तो पतंग ओळखून घ्यावा आणि मग दुकानाची पायरी चढावी, असं माझं ठाम मत आहे. मी भंडारा जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात एका विणकर कुटुंबाकडून हातमागावरची करवती काठाची कोसा साडी घेतली. ब्लाउजपीस धरून 11,500 रुपये पडले. लग्नात, बारशाला, कॉलेजच्या कार्यक्रमात नेसून झाली, मे महिन्यातल्या भर दुपारच्या एका मांडवातही नेसून झाली. आता तिच्याविषयी लिहायला हरकत नाही.

साडी उत्तम आहे, एवढं आधीच सांगते. तक्रारी आहेत, त्याही पुढे येतील.

मी मुद्दाम अंग न रंगवलेली साडी निवडली. काठ गडद लाल, रंगवलेल्या धाग्याचा; अंगाचा रंग मात्र कोषाचा स्वतःचा, मधाकडे झुकणारा फिका तपकिरी. अळी ऐनाची नाहीतर अर्जुनाची पानं खाते. या झाडांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ते कोषाच्या भिंतीतही उतरतं. कोष काही पिवळट निघतात, काही राखाडी, आणि शिजवल्यावरही त्यांच्या धाग्यात तो फरक थोडा राहतोच. त्यामुळे साडी खिडकीजवळ धरली की आडव्या, अगदी हलक्या छटा दिसतात. माझ्या नणंदेने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "वैनी, इथं धुताना काही झालं काय?" असं विचारलं. काही झालेलं नव्हतं. मागावर आडवा धागा, म्हणजे बाणा, नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपून दुसरी लागली की बाण्याची छटा किंचित बदलते, इतकंच. सगळीकडे सारखा, सपाट रंग हवा असेल तर रंगवलेली साडी घ्यावी. पण मग कोशाच्या साडीतलं निम्मं सुख गेलं, असं मला वाटतं.

पोत हाताला खडबडीत नाही, पण गुळगुळीतही नाही. बोट फिरवलं की मधूनमधून धागा जाड झालेला लागतो. तुतीच्या रेशमाचा तंतू बारीक आणि एकसारखा असतो. कोशाचा तंतू त्याच्या कितीतरी पट जाड, आणि गोल नसून चपटा. चपट्या बाजूवर उजेड पडला की तो एकदम चमकतो, साडी जरा हलली की चमक जागा बदलते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली मी पदराची कड ठेवून पाहिली. एका इंचाच्या आत धागा दोनदा बारीक होऊन पुन्हा भरला होता, आणि एका जागी पिळातून सुटलेले दोन तंतू शेजारी-शेजारी पडलेले दिसले. अळीच्या तोंडाखालच्या छिद्रातून ते जोडीनेच बाहेर येतात, एका डिंकासारख्या द्रवाने चिकटलेले. विणून, धुऊन, नेसूनही ती जोडी तिथे दिसत होती. विकत घेतलेल्या वस्तूत तिच्या जन्माची इतकी स्पष्ट खूण फार कमी ठिकाणी सापडते.

हा जन्म ज्याच्यापासून होतो तो पतंग म्हणजे अँथेरिया मायलिटा, सॅटर्निडी कुळातला. पंख पसरल्यावर मादी सहा इंचांच्या पुढे जाते. रंग पिवळसर, कधी राखाडी झाक असलेला. नर थोडा लहान, विटकरी किंवा तांबूस तपकिरी. चारही पंखांवर मध्यभागी एकेक गोल डोळा असतो, आणि त्या डोळ्याचा मधला भाग खरोखर पारदर्शक असतो. तिथे खवले नसतात, त्यामुळे पलीकडचं पान दिसतं. नरमादी ओळखायची सोपी खूण म्हणजे मिशा. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या दुहेरी दातांच्या. मादीच्या बऱ्याच अरुंद. रात्री मादी फांदीला धरून बसते आणि हवेत गंध सोडते. त्या गंधाचे कण पकडायला नराला एवढ्या रुंद मिशा लागतात. तो दूरवरून त्या मागावर येतो.

विद्यार्थ्यांना सगळ्यात धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीचा: या पतंगाला खाता येत नाही. तोंडाचे अवयव खुरटलेले असतात. अळी असताना जे साठवलं त्यावर आठवडाभराच्या आसपासचं आयुष्य काढायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. म्हणजे उडणारा पतंग ज्या शक्तीवर उडतो ती सगळी ऐनाच्या पानांतून आलेली असते, आणि माझ्या साडीचा बाणाही तिथूनच.

झाडांविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण साडीच्या दुकानात कोणी झाडाचं नाव घेत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात पानगळीची जंगलं आहेत. त्यांत ऐन भरपूर. आमच्याकडे त्याला येन म्हणतात. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, रुंद पानं. अर्जुन ओढ्याकाठी, पाण्याच्या जवळ. झारखंड, छत्तीसगड, ओडिशात साल वृक्षावरही हीच अळी वाढते. देशात या पतंगाचे चाळीसच्या वर स्थानिक वाण नोंदवलेले आहेत. बस्तरचा रैली, झारखंडचा डाबा ही नावं या धंद्यातल्या माणसांच्या तोंडी असतात. आपल्या भागातल्या वाणाचं नावच 'भंडारा' आहे. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलं ताठ बसतात.

तुतीचा रेशीमकीडा हजारो वर्षं माणसाच्या घरात वाढला आणि त्याचा पतंग उडणं विसरला. कोशाची अळी अजून रानातच, उघड्यावर, जिवंत झाडावर वाढते. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडच्या भागात ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत.

पावसाची चाहूल लागली की कोषातून पतंग निघतात. मादी दोनशेच्या आसपास अंडी घालते. अंडी चपटी, तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरची. इथे एक महत्त्वाचं काम होतं: अंडी घालून झालेल्या मादीचं पोट चिरडून तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेब्रिन नावाचा रोग आईकडून थेट अंड्यांत जातो. आईत त्याचे बीजाणू दिसले की तिची सगळी अंडी जाळून टाकायची. ही पद्धत लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकात फ्रान्समधल्या रेशीमकिड्यांसाठी बसवून दिली आणि आज गडचिरोलीतल्या कोशाच्या बियाणे (अंडी) केंद्रावरही तीच चालते. अशा तपासलेल्या अंड्यांना रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात.

आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर येतात, काळ्या डोक्याच्या, पिवळट-तपकिरी, जेमतेम दिसणाऱ्या. पहिली कात टाकली की हिरव्या होतात आणि मग शेवटपर्यंत हिरव्याच राहतात. चार वेळा कात टाकायची, म्हणजे वाढीचे पाच टप्पे. पावसाळ्यात हे सगळं महिनाभरात उरकतं, थंडीत दीड-दोन महिने लागतात. सगळ्यात जास्त खाणं शेवटच्या टप्प्यात. तेव्हा अळी बोटापेक्षा जाड, हाताला थंड आणि भरीव लागते, वजन पन्नास ग्रॅमच्या घरात जातं. कडेने चंदेरी चकचकीत ठिपके असतात. ऐनाच्या पानाखाली उलटी लटकलेली असली की एवढी मोठी अळी चटकन दिसत नाही. झाडाखाली पडलेल्या लेंड्या पाहून वर शोधावी लागते. एका झाडाची पानं संपली की फांदी कापून अळ्यांसकट दुसऱ्या झाडावर ठेवतात.

आणि हा सगळा काळ राखण. पक्षी, सरडे, मुंग्या, गांधीलमाश्या, प्रार्थनाकीटक, सगळ्यांना ही अळी हवी असते. माणसं रानात खोपटी घालून राहतात, हातात गुलेर. पक्षी निदान दिसतात तरी. उझी माशी मात्र अळीच्या अंगावर अंडं चिकटवून निघून जाते, आतल्या आत तिची अळी वाढते, आणि शेवटी तयार झालेल्या कोषाला भोक पाडून बाहेर पडते. दमट गरमीत विषाणूचा रोग आला तर अळ्या डोकं खाली करून लटकतात आणि झाडंच्या झाडं रिकामी होतात. ज्या कुटुंबाने पाऊस अंगावर घेत राखण केली त्यांच्या हातात मग काहीच राहत नाही. कोष किलोवर विकत नाहीत, नगावर विकतात, त्यामुळे एकेक अळी वाचवणं म्हणजे काय ते समजून घ्या. साडीच्या किमतीवर घासाघीस करताना हे लक्षात ठेवलं पाहिजे, आणि मी ते अगदी मनापासून म्हणते आहे.

पूर्ण वाढलेली अळी आधी दोन-तीन पानं जवळ ओढून आडोसा करते. मग डहाळीभोवती रेशमाचं कडं विणते, कड्यापासून खाली एक चिवट देठ, आणि देठाला लटकता कोष. काही दिवस ती आतून डोकं इंग्रजी आठच्या आकारात फिरवत राहते. धागा सलग असतो, अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब. शेवटी ती कोषाच्या भिंतीत एक द्रव सोडते, तो भिनतो आणि वाळल्यावर कोष कडक होतो. त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. कोष नखाने दाबून पाहा, दबत नाही. थंडीकडचे कोष सगळ्यात टणक आणि रेशमाने भरलेले, कारण आतल्या किड्याला थंडी आणि सगळा उन्हाळा त्यातच झोपून काढायचा असतो. पानं गळून पडलेल्या झाडावर, 45 अंशांच्या उन्हात तो कोष नुसता लटकत असतो. देठाचं कडं फांदीला इतकं घट्ट बसतं की वारा-वावटळीत पान जातं, कोष राहतो.

आरमोरी तालुक्यातल्या एका कोसा उत्पादकाने वर्गात दाखवायला मला बियाण्याचे, म्हणजे अंड्यांसाठी राखलेले, काही कोष दिले होते. त्यांच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांची माळ करून व्हरांड्यात टांगली. पहिला चांगला पाऊस झाला त्या आठवड्यात, दिवेलागणीला, एका कोषाच्या देठाकडच्या टोकावर ओला डाग दिसला. डाग पसरत गेला. आतून पतंग एक विकर सोडतो, त्याने तंतूंना चिकटवणारा डिंक विरघळतो. तो तंतू कुरतडत नाही, नुसते बाजूला सारतो. त्या ओल्या जागेतून आधी कपाळावरचे ओले केस दिसले, मग पुढचे पाय आले, आणि मग सगळं शरीर एकदम बाहेर सरकलं. पंख तेव्हा बोटाच्या पेराएवढे, चुरगळलेले. ती मादी होती. चढत चढत माळेच्या दोरीला उलटी लटकली आणि पंखांत रक्तद्रव भरायला लागली. पंख खाली-खाली उतरत होते, आणि चारही डोळे त्यांच्यासोबत मोठे होत होते. जेवणं आटोपेपर्यंत ती पूर्ण उघडली होती. मागच्या दिव्याचा उजेड त्या पारदर्शक गोलांतून आरपार येत होता. पहाटे तिच्याजवळ एक रानातला नर येऊन बसलेला होता.

मादी बाहेर पडली त्या कोषाला वरून भोक राहतं. असा कोष सलग उकलता येत नाही, त्यापासून हाताने ओढून जाड, पीळ नसलेला धागा काढतात, त्याला घिचा म्हणतात. सलग धाग्यासाठी मात्र पतंग बाहेर पडायच्या आधीच कोष उन्हात किंवा वाफेत तापवून आतला कीटक मारावा लागतो. माझ्या साडीत असे शेकड्यांनी कोष आहेत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी घिचाची साडी किंवा ओढणी मागावी; तिचा पोत जास्त खरखरीत, अंगाला उबदार, आणि माझ्या मते दिसायला फार देखणा.

तापवलेले कोष नुसत्या गरम पाण्याला दाद देत नाहीत, सोडा-साबणाच्या पाण्यात शिजवावे लागतात. मग धागा काढणं. पूर्वी बायका हे काम उघड्या मांडीवर धागा वळून करत. कातडी सोलवटून निघायची. आता बुनियाद नावाचं छोटं यंत्र आलं आहे, त्यावर बसून धागा काढता येतो. साडी घेताना धागा मांडीवरचा की यंत्रावरचा हे मी विचारलं. यंत्रावरचा आहे म्हणाले, आणि मला बरं वाटलं.

आता विणकाम. करवती काठ म्हणजे काठाची आतली कड करवतीच्या दातांसारखी. तीन धोटे लागतात: दोन काठांचे दोन, मधल्या अंगाचा एक. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा प्रत्येक ओळीला एकमेकांत अडकवत जायचं. माझ्या साडीत दात दोन्ही काठांवर सारखे बसलेत, फक्त पदराच्या जवळ वीतभर जागेत डावीकडचे थोडे आखूड झालेत. उलट्या बाजूने पाहिलं तर एकही लोंबता धागा नाही. करवती साड्यांना जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, पण मानांकनाने दात सरळ येत नाहीत, ते विणणाऱ्याच्या हाताने येतात, आणि या घरातले हात उत्तम आहेत.

तक्रार पहिली: ताण्याचा, म्हणजे उभा, धागा. खोदून विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की ताणा आयात केलेल्या टसरचा आहे, बाणा इथल्या कोशाचा. हे आता बऱ्याच ठिकाणी असंच असतं. चीनमधून येणारा तो धागा दुसऱ्या पतंगाचा, ओक झाडावर वाढणाऱ्या अँथेरिया पर्नीचा. तो जास्त एकसारखा, मागावर कमी तुटतो, विणकराची मेहनत वाचते. त्यांची अडचण मला समजते. पण ग्राहकाने विचारायच्या आधी हे सांगायला हवं होतं. दोन्ही बाजूंनी इथलाच धागा असलेली साडी ते ऑर्डरप्रमाणे करून देतात, दोन-अडीच हजार जास्त लागतात.

तक्रार दुसरी: काठाचा लाल रंग पहिल्या धुण्यात थोडा सुटला. मी पहिल्यांदा ड्रायक्लीनच करून घेतली होती, तरी अंगाच्या कडेला अगदी फिकी गुलाबी झाक आली. लक्ष देऊन पाहिलं तरच दिसते. तक्रार तिसरी: ब्लाउजपीस वेगळ्या कांडीचा, एक छटा गडद. शिवल्यावर वाईट दिसत नाही, पण साडीसोबतच विणून घ्यायला हवा होता.

नेसायला साडी फार सुखाची आहे. तंतूंत पोकळ्या असल्यामुळे वजनाला हलकी आणि हवेशीर, मे महिन्यात घामाने चिकटली नाही. निऱ्या सुरुवातीला फुगतात; तीन-चारदा नेसल्यावर बसतात. खांद्याला पिन लावू नका, जाड-बारीक धाग्यात पिनेचं भोक राहतं. मी घडी दर दोन-तीन महिन्यांनी मोडते आणि सुती कापडात गुंडाळून ठेवते, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी दुकानात चार गोष्टी विचाराव्यात. ताणा कुठला, बाणा कुठला. काठ तीन धोट्यांचा की नंतर जोडलेला. उलटं करून पाहा. सिल्क मार्कचं लेबल आहे का; असेल तर रेशीम शुद्ध आहे एवढं कळतं, ते कुठल्या पतंगाचं हे तरी विचारावंच लागतं. आणि कडेचा एक सुटा धागा मागून जाळून पाहा: केस जळल्याचा वास यायला हवा, राख बोटांत चुरडली जायला हवी. कडक मणी झाला तर परत द्या. माझ्या विणकरांनी न मागता धागा काढून दिला, हे इथे नोंदवते.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण ताण्यासाठी कापला आहे. दोन्ही बाजूंनी भंडाऱ्याच्या कोशाची, न रंगवलेल्या काठाची साडी मी त्याच घरात सांगून ठेवली आहे. थंडीचे कोष उतरले की मागावर चढवतो म्हणालेत.